दुधातल्या कणसाची बेगमी

मराठीत पिकाच्या वयाला शब्द आहेत. कणीस आधी निसवते, मग फुलोऱ्यात येते, मग दाणा धरतो. नख रुतवले की दाण्यातून पांढरा थेंब बाहेर येतो, तेव्हा शेतकरी म्हणतो, कणीस दुधात आले. पुढे ते दूध आटते, दाणा चिकात येतो, हुरड्यात येतो, आणि शेवटी टणक होऊन खळ्यावर जातो. खळ्यावरचे धान्य वर्षभर टिकते, त्यावर कर्ज मिळते, त्याचा बाजारभाव रोज वर्तमानपत्रात छापून येतो. दुधातल्या कणसाला यातले काहीच नाही. त्याचे आयुष्य चार दिवसांचे. आपण त्या चार दिवसांचा हुरडा करतो, शेतावर आगटी पेटवून खातो, आणि उरलेले वर्ष त्याची आठवण काढतो.

अमेरिकेत मात्र गेली दोनशे वर्षे लोक या चार दिवसांना पकडून ठेवण्याच्या खटपटीत आहेत. मक्याचे कणीस दुधात असतानाच त्याचे दाणे अर्धे कापायचे, उरलेला गर सुरीच्या पाठीने खरवडून घ्यायचा, शिजवायचा आणि थंडीसाठी साठवून ठेवायचा. त्या पदार्थाला ते ‘क्रीम्ड कॉर्न’ म्हणतात. नावात साय असली तरी मूळ घरगुती प्रकारात सायीचा थेंब नसतो. दाण्याच्या पोटातले दूध उष्णतेने दाटते आणि सायीसारखे दिसते, एवढेच. साखर आणि पिठी घालून डब्यात भरलेला त्याचा कारखानी अवतार आपल्याकडच्या मोठ्या दुकानांतही मिळतो. सूप करण्यासाठी तो घेतला जातो. पण डब्यातला मका खाऊन घरच्या मक्याविषयी मत बनवणे म्हणजे पाकिटातल्या पुरणपोळीवरून आईच्या हाताची परीक्षा करण्यासारखे आहे.

या पदार्थाचे शास्त्र समजून घ्यायचे तर मक्याच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते. मका मूळचा मेक्सिकोचा. दक्षिण मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी ‘टिओसिंट’ नावाच्या रानगवतातून माणसाने तो घडवला. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर तो जगभर गेला. यातला गोड मका म्हणजे निसर्गाने केलेली एक छोटी चूक. साध्या मक्यात पानांनी तयार केलेली साखर दाण्यात येते आणि तिथे तिचे पिष्ट बनते. गोड मक्यात एका जनुकातल्या बिघाडामुळे हे काम अर्धवट राहते. थोडी साखर तशीच राहते, आणि काही भागाचे पाण्यात विरघळणारे, चिकट, सायीसारखे द्रव्य बनते. शास्त्रज्ञ त्याला फायटोग्लायकोजेन म्हणतात. गृहिणीला ते नाव ठाऊक नसले तरी चालते. कढईत डाव फिरवताना हाताला जो जडपणा जाणवतो, तो याचाच. इरोक्वॉय लोकांकडून असा गोड मका गोऱ्या वसाहतकारांच्या हाती आल्याची नोंद १७७९ सालची आहे.

पण कणीस झाडावरून तोडले म्हणून दाणा काम थांबवत नाही. असलेल्या साखरेचा तो खर्च करत राहतो, उरलेल्याचे पिष्ट करत राहतो. जुन्या गोड जातींचे तोडलेले कणीस ३० अंश सेल्सिअस उष्म्यात पडून राहिले, तर चोवीस तासांत त्यातली जवळजवळ निम्मी साखर नाहीशी होते. बर्फाच्या तापमानाला ठेवले, तर हीच घट दहा टक्क्यांच्या आत राहते. म्हणूनच अमेरिकी शेतकऱ्यांत सांगतात, की आधी चुलीवर पाणी ठेवा आणि मग मका तोडायला जा. मी सारी नोकरी बँकेत काढली. मुद्दल चोवीस तासांत निम्मे करणारा व्यवहार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

निवृत्तीनंतर मुलीकडे ओहायोत दोन उन्हाळे राहण्याचा योग आला. ऑगस्टमध्ये तिथे मक्याचा हंगाम असतो. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक दांपत्य राहत होते. मका भरण्याचा त्यांचा दिवस ठरलेला, त्या दिवशी मुले, सुना, नातवंडे यायची. मला बोलावणे आले तेव्हा मी पाहुणा म्हणून गेलो आणि दहा मिनिटांत कामाला लागलो. अंगणात झाडाखाली पुरुष आणि मुले पाने सोलत बसली होती. कणसाचे केस ओल्या फडक्याने पुसून काढायचे काम माझ्याकडे आले. स्वयंपाकघराची सूत्रे आजीबाईंकडे. कणीस परातीत उभे धरायचे, धारदार सुरीने दाण्याच्या अर्ध्यातून कापत खाली यायचे, मग सुरी उलटी करून तिच्या पाठीने दांडा खरवडायचा. पहिल्या कापाला दाण्यांचे माथे पडतात, दुसऱ्याला दूध आणि गाभा. सुरी फार खोल गेली तर दांड्याचा भुसा येतो आणि सारे चरचरीत लागते. वरवर गेली तर दूध आतच राहते. त्या मला एकदाच म्हणाल्या, “जोर लावू नका, कणीसच सांगेल.” कणीस मला काही बोलले नाही, पण विसाव्या कणसाला हात आपोआप बेतात आला.

हे पाहताना मला आमच्या घरचा कुरडयांचा दिवस आठवत होता. तीन दिवस भिजवलेला गहू, वाटून पिळून काढलेला चीक, पहाटे मोठ्या पातेल्यात तो शिजवताना गुठळी होऊ नये म्हणून आळीपाळीने घाटणाऱ्या आई आणि काकू, आणि वाटीत गरम चीक, वर दूध आणि साखर, यासाठी ताटकळत बसलेली आम्ही मुले. धान्य वेगळे, देश वेगळा, पण कामाची घडण तीच. एक दिवस, अनेक हात, एक जाणती बाई, आणि वर्षभराची बेगमी. ‘बेगमी’ हा शब्द अलीकडे ऐकू येत नाही. फ्रिज आल्यावर तो घराबाहेर पडला असावा.

ही बेगमी गोऱ्यांनी शोधली असे मात्र नाही. मिसूरी नदीच्या काठी, आजच्या नॉर्थ डकोटात, हिदात्सा जमात राहत असे. त्या जमातीतील बफेलो बर्ड वूमन या वृद्ध स्त्रीने आपली शेतीची सारी विद्या गिल्बर्ट विल्सन या अभ्यासकाला सांगितली आणि ती १९१७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. कोवळी कणसे अर्धी उकडायची, दाणे शिंपल्याने सुटे करायचे, उंच मचाणावर ते उन्हात वाळवायचे आणि पिशव्यांत भरून ठेवायचे, अशी त्यांची रीत. थंडीत पाणी घालून शिजवले की उन्हाळ्यातला कोवळेपणा परत येई. म्हणजे दुधातले कणीस टिकवण्याची मूळ युक्ती उकडणे आणि वाळवणे ही होती, आणि ती बायकांच्या हातची होती. त्यांच्या मक्याच्या बागा नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत होत्या. पुढे १९५३ साली गॅरिसन धरणाने पाणी अडवले आणि त्या जमिनी जलाशयाखाली गेल्या. कोयना आणि पानशेतची माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यापुढचे सांगायला नको. जमीन गेली की तिच्यावरच्या पिकाबरोबर त्या पिकाची पाककृतीही जाते. पुस्तक होते म्हणून ही एक राहिली.

वाळवणाची जागा पुढे डब्याने आणि बरणीने घेतली. फ्रान्समध्ये निकोला अपेर याने अन्न बाटलीत घालून, तोंड बंद करून, उकळत्या पाण्यात ठेवले की टिकते हे दाखवले. सरकारने त्याला बारा हजार फ्रँक दिले आणि १८१० साली त्याचे पुस्तक निघाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरांडने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. अमेरिकेच्या मेन राज्यातील आयझॅक विन्स्लो याने १८३९ च्या सुमारास मक्यावर प्रयोग सुरू केले. अख्खी कणसे डब्यात भरणे जागेच्या हिशेबाने परवडेना, म्हणून तो दाणे काढून, दुधासकट डब्यात भरू लागला. त्याला पेटंट मिळाले १८६२ साली. त्यावरून झालेला दावा थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८७५ साली न्यायालयाने ठरवले, की ड्युरांडने हे आधीच सांगून ठेवले आहे, यात नवीन काही नाही. मधल्या काळात, १८५८ साली, जॉन मेसन याने आट्याच्या झाकणाच्या काचेच्या बरणीचे पेटंट घेतले होते. कारखान्याने डबा घेतला, घराने बरणी घेतली.

आणि इथे मक्याने आपला इंगा दाखवला. डबे आंबू लागले. वरून ठीक दिसणारा डबा उघडावा तर आत आंबूस वास. कारखानदारांना कारण कळेना. बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील सॅम्युएल प्रेस्कॉट आणि एका डबाबंद मालाच्या कारखानदार घराण्यातील विल्यम अंडरवुड या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत याचा छडा लावला. त्यांनी डब्याच्या मध्यभागी तापमापक ठेवून पाहिला. बाहेरच्या वाफेची उष्णता मक्याच्या दाट लगद्यातून मध्यापर्यंत पोचायला फार वेळ लागतो, आणि तोवर कारखानदार भट्टी विझवून मोकळा झालेला असतो, हे त्यातून दिसले. बाहेर आग असली तरी पोटात जंतू जिवंत. पातळ रस्सा उकळताना फिरतो, स्वतःला ढवळतो आणि लवकर तापतो. दाट लगदा जागचा हलत नाही. साबुदाण्याची खीर बाजूने गार झाली तरी मध्ये जीभ भाजते, हा अनुभव सर्वांना आहे; त्याच नियमाची ही उलटी बाजू.

आंबणे परवडले, कारण त्याला वास असतो. याहून वाईट गोष्टीला वास नसतो. मातीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जंतू असतो. त्याची बीजे साध्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. हवा नसलेली, आंबटपणा नसलेली, ओलसर जागा मिळाली की ती उगवतात आणि मज्जासंस्था लुळी पाडणारे विष तयार करतात. बंद बरणीतला मका म्हणजे नेमकी अशी जागा. लोणचे, मुरांबा यांना हा धोका जवळपास नसतो, कारण तिथे आंबटपणा, मीठ किंवा साखर राखण करते. मक्यात राखणदार कोणीच नाही. म्हणून मका, मटार, घेवडा यांसारख्या भाज्यांसाठी दाबाखालच्या वाफेचे भांडे लागते, ज्यात तापमान ११६ अंशांच्या वर जाते. अमेरिकेचे कृषिखाते १९१७ सालापासून हे सांगत आले आहे. तरीही २०१५ च्या एप्रिलमध्ये ओहायोतल्याच लँकेस्टर गावी चर्चच्या सहभोजनात एकोणतीस माणसे या विषाने आजारी पडली आणि एक दगावले. घरी बरण्यांत भरलेले बटाटे कोशिंबिरीत घातले होते. ते दाबाखाली न शिजवता साध्या उकळत्या पाण्यात ठेवलेले होते. ज्या कोणी ते भरले, त्यांनी चांगल्या मनानेच भरले असणार. जंतू मन पाहत नाही.

आता कृषिखात्याच्या पुस्तिकेतला क्रीम्ड कॉर्नचा नियम पाहा. कणसे चार मिनिटे उकळत्या पाण्यात घालायची, मग दाणे अर्ध्यात कापून दांडा खरवडायचा. जेवढा मका त्याच्या निम्मे उकळते पाणी घालून उकळी आणायची. बरणी एक पाइंटाचीच, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडी लहान. वर एक इंच जागा रिकामी. मग दाबाखाली ८५ मिनिटे. अख्ख्या दाण्यांना त्याच आकाराच्या बरणीत ५५ मिनिटे पुरतात, इथे अर्धा तास जास्त. एक क्वार्टाची, म्हणजे दुप्पट मोठी बरणी चालत नाही, कारण तिच्या मध्यापर्यंत उष्णता पोचेल याची हमी नाही. दाटपणासाठी पीठ घालायचे नाही, तेही याच कारणाने. नऊ बरण्यांना सोलायच्या आधीची सुमारे नऊ किलो कणसे लागतात. यातल्या प्रत्येक आकड्यामागे प्रेस्कॉट-अंडरवुड यांचा तो डब्यात खुपसलेला तापमापक उभा आहे.

आपल्या स्वयंपाकात अंदाजाला मोठा मान आहे. चिमूटभर, मूठभर, बेताचे, लागेल तसे. मी त्याची थट्टा करणार नाही. कणसावरच्या सुरीचा दाब कोणतीही पुस्तिका सांगू शकत नाही, तो हातालाच कळतो. परंतु एकाच कामात दोन प्रकारचे ज्ञान शेजारी शेजारी नांदते, हे मका भरताना लख्ख कळते. कापणे, खरवडणे, मीठ, चव, ढवळणे यांत अंदाजाचे राज्य. बरणी बंद केली की ते राज्य संपते आणि ८५ म्हणजे ८५. बँकेत हे आम्ही रोज पाहत होतो. ग्राहकाची पत ओळखताना मॅनेजरचा अनुभव, नजर, गावातली माहिती, सारे काही उपयोगी पडते. पण तिजोरीला दोन किल्ल्या आणि त्या दोन माणसांकडे, याला अपवाद नाही. मग तो दुसरा माणूस सख्खा भाऊ का असेना. जिथे अंदाज चालतो तिथे नियमाचा बडगा उगारणारा आणि जिथे नियम हवा तिथे अंदाज वापरणारा, असे दोन्ही अधिकारी मी पाहिले आहेत. पहिल्याने शाखेचे ग्राहक जातात, दुसऱ्याने शाखाच गोत्यात येते.

या बरण्यांनी अमेरिकी बाईच्या हाती थोडा पैसाही दिला. साउथ कॅरोलायनातील एकेन परगण्यात मेरी सॅम्युएला क्रोमर या शिक्षिकेने १९१० साली शाळकरी मुलींचा टोमॅटो क्लब काढला. प्रत्येक मुलीने एकराचा दहावा भाग, म्हणजे आपले चार गुंठे, स्वतः पिकवायचा, टोमॅटो डब्यांत भरायचे, विकायचे आणि हिशेब ठेवायचा. त्या आधी मुलग्यांसाठी मक्याचे क्लब होतेच. ही चळवळ दक्षिणेतल्या राज्यांत पसरली, आणि कित्येक मुलींच्या हाती स्वतःचा म्हणता येईल असा पहिला डॉलर आला. ग्रामीण शाखेत बचत गटांची खाती उघडताना अंगठा सोडून सही करणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिले, त्यावरून त्या मुलींचे हिशेबाचे वहीपान मला अगदी परके वाटत नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात पत्रा सैन्याला हवा म्हणून १९४३ मध्ये डबाबंद अन्नावर रेशन आले, तेव्हा घरोघरच्या बरण्यांनी विक्रम केला. सरकारने स्वयंपाकघराची आठवण काढली ती अर्थात युद्धासाठी. युद्ध संपल्यावर फ्रीझर आले, मोठी दुकाने आली, आणि बरण्या तळघरात गेल्या.

मक्याच्या बियाण्यातही दरम्यान मोठा फरक पडला. इलिनॉय विद्यापीठातले जॉन लॉनन यांनी १९५० च्या दशकात मक्याच्या एका वेगळ्या जनुकाकडे लक्ष वेधले. त्याचा वाळलेला दाणा सुरकुतलेला, पण कोवळेपणी दुप्पट किंवा त्याहून अधिक गोड. आणि तोडल्यावर त्याची साखर दिवसेंदिवस टिकते. आजचा ‘अतिगोड’ मका त्यातून आला. ट्रकवर चढवून हजार मैल नेला तरी गोड. शेतकऱ्याला बाजार मिळाला, शहराला बाराही महिने मका मिळाला, नुकसान टळले. हे सारे चांगलेच झाले. मात्र या दाण्यात ते चिकट, सायीसारखे द्रव्य फारसे बनत नाही. खरवडला तर पाणी सुटते, शिजवला तरी दाटत नाही. आमच्या आजीबाई बाजारातला मका खायला आणत, भरायला आणत नसत. भरण्यासाठी त्या जुन्या जातीचा मका एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे आधीच सांगून ठेवत. “हा गोड आहे,” अतिगोड कणीस हातात घेऊन त्या म्हणाल्या, “पण याला दूध नाही.” टिकाऊपणासाठी आपण कशाची किंमत मोजतो, याचे याहून नेमके वर्णन मला सुचणार नाही.

आपल्याकडे शहरांत ‘स्वीट कॉर्न’ म्हणून मिळतो तो बहुतांशी याच अतिगोड जातींचा. बसस्थानकाबाहेर वाफवून, लोणी आणि तिखट घालून कागदी पेल्यात मिळतो. पावसात निखाऱ्यावर भाजून, लिंबू-मीठ चोळून मिळणारा गावठी मका वेगळा. तो जून झाला की पीठच होतो. पण दुधातल्या कणसाची कला आपल्याला अगदीच अपरिचित नाही. इंदूरला होळकरांच्या काळापासून मराठी घरे आहेत, आणि तिथला भुट्ट्याचा कीस प्रसिद्ध आहे. कोवळे कणीस किसणीवर किसायचे, तुपात मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी, त्यात कीस परतून दूध घालून आटवायचे, वर लिंबू, खोबरे, कोथिंबीर. किसणी जे करते तेच आजीबाईंची सुरी करत होती. फरक इतकाच, की इंदूरकर ते लगेच खाऊन मोकळे होतात.

ज्यांना ते लगेच खायचे नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. बरण्यांच्या वाटेला आपण जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपला शिट्टीचा कुकर भात-डाळीसाठी उत्तम; बरण्या भरण्यासाठी तो बनवलेला नाही. अमेरिकी पुस्तिकेतला वेळ मोठ्या, जड भांड्याचा आहे. ते तापायला आणि निवायला जो वेळ लागतो, त्याचीही त्या हिशेबात गणती असते. लहान कुकर लवकर तापतो, लवकर निवतो, आणि हिशेब चुकतो. शिवाय उंचीचा प्रश्न आहे. वजनाच्या भांड्याला समुद्रसपाटीपासून हजार फुटांपर्यंत दहा पौंड दाब पुरतो, त्यावर पंधरा लागतो. मुंबईचा आकडा त्यामुळे सुमारे अठराशे फुटांवरच्या पुण्याला लागू पडत नाही, मग महाबळेश्वरचे विचारूच नका. बरणीतल्या अन्नाबद्दल शंका आली, तर चाखूनही न पाहता टाकून द्यावे, हा तिथला नियम.

फ्रीझरची वाट मात्र सोपी आणि निर्धोक. जानेवारीत मटार सोलून ठेवणाऱ्या घरांना ती नवी नाही. सकाळी तोडलेली, नखाला दूध देणारी कणसे मिळवावीत. दाणे अर्ध्यात कापून दांडा खरवडावा. पातेल्यात पाणी उकळून त्यावर दुसरे भांडे ठेवून, सतत ढवळत दहाएक मिनिटे दाट होईपर्यंत शिजवावे. भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून झटपट थंड करावे, कारण कोमटपणात रेंगाळणे हीच खराबीची सुरुवात. मग पिशव्यांत पातळ थरात भरून, वर तारीख लिहून, उणे १८ अंशांत ठेवावे. आठ-दहा महिने चव राहते. वीज गेली तर फ्रीझरचे दार उघडू नये. गच्च भरलेला फ्रीझर न उघडता दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. मका अतिगोड असेल आणि दाटत नसेल, तर वाढताना चमचाभर कॉर्नफ्लॉवर दुधात कालवून लावावे. त्यात कमीपणा नाही, फक्त साय कुठून आली हे माहीत असावे.

माझा व्यवसाय आकड्यांचा, तेव्हा शेवटी जमाखर्च मांडायला हवा. कणसांची किंमत, वीज, पिशव्या, आणि सात-आठ माणसांचा एक अख्खा दिवस. मजुरी धरली तर घरचा मका दुकानातल्या डब्याच्या कित्येक पट महाग पडतो. आजीबाईंच्या थोरल्या मुलाने हा हिशेब माझ्यासमोरच मांडला. त्या वर्षी हातही कमी होते. दोन नातवंडे कामासाठी दूरच्या राज्यांत गेली होती. आजीबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी धाकट्या नातीला जवळ बोलावले, तिच्या हातात सुरी दिली आणि तिचा हात आपल्या हातात धरून पहिले कणीस खरवडून घेतले.

त्या मुलाचा हिशेब चूक नव्हता, पण त्यात एक बाब धरलेली नव्हती. मका विकत मिळतो. सुरीचा दाब विकत मिळत नाही. तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि त्यासाठी दोन्ही हात एका जागी, एका वेळी असावे लागतात. एखादे वर्ष चुकले तर चालते. दहा वर्षे चुकली की घेणारा हात मोठा झालेला असतो आणि देणारा उरलेला नसतो. आपल्या घरांतल्या कुरडया, सांडगे, फेण्या, मेतकूट यांचा हिशेब गेल्या तीस वर्षांत आपण असाच केला, आणि तो बरोबरच होता. आता या वस्तू कुठल्याही दुकानात सुबक पाकिटात मिळतात. चीक किती घाटला म्हणजे पुरे, हे सांगणारे घरात कोणी आहे का, हे ज्याचे त्याने पाहावे. असेल तर येत्या उन्हाळ्याची वाट पाहायचे कारण नाही. श्रावण-भाद्रपदात कणसे दुधात येतात. डझनभर आणावीत, आणि सुरी घरातल्या सर्वांत लहान समंजस हातात द्यावी.